सारवायचं राहिलेलं घर

माणसाला आपल्या कामाचा गर्व असावा, पण रुख्माबाईला होता तेवढा नसावा, असं मी तिला तोंडावर म्हणायचे. ती हसायची आणि आणखीच फुगायची. काम काय, तर भिंती सारवायचं. चिचगडहून जंगलात शिरणाऱ्या रस्त्यावर आमचा टोला, म्हणजे छोटी वस्ती, आहे. घरं मातीची, वर छपराला कवेलू, आणि ज्याच्या घरी लग्न किंवा सण, त्याच्या घरी रुख्माबाई. वारुळाची माती ती स्वतः खणून आणायची, दुसऱ्याने आणलेली तिला चालायची नाही. माती, शेण आणि धानाचं तूस एकत्र करून पायाने तुडवायची, भिजत ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी तळहाताने भिंतीवर चढवायची. भिंत ओली असतानाच चार बोटांनी तिच्यावर लाटा काढायची. लग्नघरी गेली की नवरीच्या आधी ही भिंतीकडे बघते, अशी तिची आम्ही थट्टा करायचो. पाहुण्यांपैकी कुणी विचारलं, "कोनं सारवलं वो?" की तिचं पोट भरायचं, मग जेवायला उशीर झाला तरी तक्रार नाही.

मी रीना, या टोल्याची आशा सेविका. सरकार मला मानधन देतं आणि त्या बदल्यात घरोघरी फिरून शिव्या खायला सांगतं. ताप कुणाला आहे ते विचारायचं, बोट टोचून रक्त बघायचं, मलेरिया निघाला तर गोळ्या माझ्यासमोर गिळायला लावायच्या. लोक गोळ्या गिळतात पण मला गिळत नाहीत, त्याला माझं तोंड कारण आहे असं माझा नवरा म्हणतो. असेल. गोड बोलून कुणाचा ताप उतरलेला मी अजून पाहिलेला नाही.

रुख्माबाईचा नवरा तरुणपणीच गेला, तेंदूपत्ता तोडताना साप चावून. पदरी एकच मुलगी, दुर्गा. पत्ता, मोहफुलं, दुसऱ्यांच्या बांध्यांतली भाताची रोवणी असं जे मिळेल ते करून तिने दुर्गाला वाढवलं. लग्नाची वेळ आली तेव्हा लांबची दोन चांगली स्थळं परत पाठवली आणि टोल्यातल्याच योगराजला मुलगी दिली. देव वेगळे, कूळ वेगळं, तेव्हा सोयरिकीला अडचण नव्हती. खरं कारण तिने एकदा मला सांगितलं होतं. तिला आपल्या ओसरीवर बसून दुर्गाच्या घराचं दार दिसायला हवं होतं. दार दिसायचं, आणि त्या दारातून दुर्गाची मुलगी रुची दिवसातून कितीदा तरी आजीकडे पळत यायची. यंदा दुर्गाला पुन्हा दिवस गेले होते. रुख्माबाई बाळंतपणासाठी डिंक जमवायला लागली होती.

रोवणी चालू असताना योगराजचा बाप मनिराम तापला. मी पोचले तोवर त्याने तीन दिवस अंगावर काढले होते, आणि "मले काई नाई झालं, तू जाय" असं मला सांगण्याइतका तो खमका होता. चौथ्या दिवशी तो माणसं ओळखेना. ताप डोक्यात गेला आणि देवरीच्या दवाखान्यात नेतानाच तो संपला.

मलेरियाने माणूस मेलं की सरकारची झोप मोडते. दुसऱ्याच दिवशी फवारणीची गाडी आली. पाठीवर पंप घेतलेली माणसं प्रत्येक घरात शिरली आणि भिंती वरपासून खालपर्यंत औषधाने भिजवून गेली. औषध वाळलं की भिंतीवर पांढरे ओघळ राहतात. रुख्माबाईला ते बघवत नसत. "नव्या नवरीच्या तोंडाले चुना फासला का बाई यायनं," असं ती दर वर्षी पुटपुटायची, पण ऐकायची. मीच हात धुवून तिच्या मागे लागले होते. फवारणीनंतर अडीच-तीन महिने भिंतीला माती लावायची नाही, औषध झाकलं जातं, हे मी इतक्यांदा सांगितलं होतं की टोल्यातली पोरं माझी नक्कल करताना हेच वाक्य म्हणायची. मागच्या वर्षी तर पोळा आला तरी रुख्माबाईने हात आवरला होता. पांढऱ्या ओघळांच्या घरात आम्ही बैल आणले.

पण सण वेगळा आणि मेलेलं माणूस वेगळं. आमच्याकडे माणूस गेलं की लगेच ते घरचं राहत नाही. सुतक असेपर्यंत त्याचा जीव बाहेर असतो, अंगणाच्या कडेला त्याच्या नावाचा एक दगड ठेवतात आणि तिथे रोज पाणी देतात. सुतक फिटण्याच्या दिवशी सबंध घर, जमीन आणि भिंती, नव्या मातीने सारवायचं. मग टोल्याचा भुमक, म्हणजे आमचा देवधर्म बघणारा सुकराम म्हातारा, त्या जीवाला घरात बोलावतो आणि आतल्या खोलीतल्या देवांत मिळवतो. तेव्हा कुठे तो पूर्वज होतो. सारवल्याशिवाय तो आत येत नाही. सण पुढे ढकलता येतो, पण दारात उभ्या असलेल्या बापाला तिष्ठत ठेवावं हे कुणाच्याच डोक्यात येणं शक्य नव्हतं.

विहिणीच्या नात्याने ते काम रुख्माबाईने केलं. मुलीचं घर आणि मुलीच्या सासऱ्याचं कार्य, म्हणून तिने जीव ओतला. पाऊस चालू होता, माती लवकर वाळत नव्हती, तर तिने खोलीत शेकोट्या पेटवून भिंती सुकवल्या. ओघळ गेले आणि लाटा उमटल्या. मनिराम देवांत मिळाला आणि आम्ही सगळे जेवलो. दुर्गा पोटावर हात ठेवून दारात उभी होती आणि "माय, घर कसं ठंडं वाटते आता," म्हणाली.

त्यानंतर तीन आठवडे झाले असतील नसतील, दुर्गाला ताप आला.

मी रक्त तपासलं. तोच वाईट जातीचा मलेरिया, आणि बाईच्या पोटात मूल. त्याच दिवशी गाडी बोलावली. रस्त्यावरचा नाला भरला होता, गाडी पलीकडेच थांबली, आणि योगराजने व त्याच्या भावकीतल्या तिघांनी तिला खाटेवर घालून पाण्यातून नेलं. देवरीहून गोंदियाला पाठवलं. दुसऱ्या दिवशी मूल पडलं. दुर्गाचं अंग पिवळं झालं, लघवी काळी व्हायला लागली, आणि तिथले डॉक्टर योगराजशी हळू आवाजात बोलायला लागले.

टोल्यात दुसरंच सुरू झालं. मनिराम सुनेला बोलावून राहिला, असं बायका नळावर बोलायला लागल्या. त्याच घरात, एकामागे एक. सुकराम भुमकालाही काळजी पडली. मनिराम नीट मिळाला नसेल तर चूक त्याची ठरणार होती. तिकडे मलेरियाच्या कार्यालयातून मला फोन, की त्या घराने फवारणी करू दिली नसणार, खरं सांगा. मी म्हटलं, मी स्वतः उभी राहून करून घेतली. तर म्हणे, मग फवारलेल्या घरात डास आला कुठून? जसा काही डास मी ओटीत घालून नेला होता.

शेवटी चौकशीला टेकचंद आला. हा सरकारचा डास पकडणारा माणूस. गोंदिया शहरातला, अर्धी हिंदी अर्धी मराठी बोलणारा, पोट सुटलेला आणि कायम वैतागलेला. त्याचा संशय वेगळाच होता. त्याला वाटत होतं, फवारणीवाल्यांनीच औषधात पाणी घातलं असणार. "मैं जानता हूँ उनको," मोटरसायकल लावता लावता तो म्हणाला. म्हणजे दुर्गाच्या एका आजाराचे तीन चोर ठरलेले होते, मेलेला सासरा, हट्टी घरचे लोक आणि पंपवाले, आणि प्रत्येकाला आपलाच चोर खरा वाटत होता.

योगराज दवाखान्यात होता म्हणून रुचीला घेऊन रुख्माबाई त्या घरातच राहत होती. टेकचंद आणि मी उजाडता उजाडता तिथे गेलो. त्याच्या एका हातात विजेरी, तोंडात रबरी नळी, नळीच्या पुढे काच. भिंतीवर उजेड टाकायचा, डास दिसला की हळूच काच त्याच्यावर नेऊन श्वास आत ओढायचा, डास काचेत. धानाच्या कोठीमागच्या भिंतीवर ते बसलेलेच होते, डोकं खाली आणि शेपटी वर. टेकचंदने पकडलेले डास उजेडात धरले. त्यांची पोटं लाल होती.

"भरलेले हायेत जी," रुख्माबाई म्हणाली. "कोनाचं रगत हाये ते?"

टेकचंदने फक्त हनुवटीने दाखवलं. रुची खाटेवर हातपाय पसरून झोपली होती, मच्छरदाणी तिने लाथेने एका कडेला सारली होती. रुख्माबाई लगबगीने गेली आणि तिच्या अंगावर लुगड्याचा पदर टाकून तिथेच बसून राहिली.

ऊन वर आल्यावर टेकचंदने आपला दुसरा उद्योग काढला. प्लास्टिकच्या पारदर्शक वाट्या त्याने भिंतीला चिकटपट्टीने लावल्या आणि एकेका वाटीत बारीक भोकातून डास सोडले. एक वाटी गोठ्याच्या भिंतीला, बाकीच्या आत. अर्धा तास डास त्या भिंतीवर बसू द्यायचे, मग काढून ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी बघायचं की कोण मेलं. रुख्माबाईला गंमत वाटली. सरकार डासाला वाटीत बसवून पाहुणचार करते म्हणाली. दुर्गा गेल्यापासून... म्हणजे दवाखान्यात गेल्यापासून, ती हसलेली मी तेव्हाच पाहिली.

दुसऱ्या दिवशी गोठ्यातल्या वाटीचे सगळे डास उताणे पडले होते. घरातल्या वाट्यांमधले मजेत उडत होते.

टेकचंदने गोठ्यात जाऊन पाहिलं, भिंतीवर फवारणीचे पांढरे ओघळ अजून तसेच होते. पंपवाल्यांनी पाणी घातलं असतं तर गोठ्यातलेही जगले असते. तो आतल्या भिंतीजवळ गेला, हात फिरवला, चार बोटांच्या लाटांवरून बोटं नेली आणि विचारलं, "ये लिपाई कोणी केली?"

"मीच केली जी," रुख्माबाई म्हणाली. आणि तिचा चेहरा उजळला. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. आयुष्यभर तिला हा प्रश्न ज्यांनी विचारला, त्यांनी कौतुक करायला विचारला होता. "वारुराची माती हाये. पावसातनी बी फुटली नाई, पाहा."

टेकचंदने खिशातून किल्ली काढली आणि भिंतीवर खरवडलं. मातीची खपली पडली. खाली औषधाचा पांढरा डाग होता, जसा पहिल्या दिवशी होता तसाच.

"देखो बाई," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजातला वैताग गेला होता. "मच्छर बाहेरून येते. रक्त पिते. मग जड होते, उडवत नाही, म्हणून जवळच्या भिंतीवर बसते. तिथे औषध असलं तर मरते, दुसऱ्याला चावायला वाचत नाही. औषध तुमच्या मातीच्या आत गेलं. आता ही भिंत तिच्या मामाचं घर झाली."

रुख्माबाईने त्या पांढऱ्या डागाला हात लावला. मग बाजूला अजून थोडं स्वतःच नखाने खरवडलं, मग अजून. तिथेही पांढरं निघालं. मी तिचा हात धरला तर तिने झटकला.

"म्हनजे मी केलं," ती म्हणाली.

"मावशी, तुले कोन म्हनलं तसं? भुमकानं सांगतलं, रिवाज हाये, आपन समदे होतो..."

"हात कोनाचे होते?"

 टेकचंद वाट्या आवरायला लागला. त्याला दुपारपर्यंत दुसऱ्या गावी पोचायचं होतं.

त्याच आठवड्यात मी तिला गोंदियाला घेऊन गेले. दवाखान्याच्या व्हरांड्यात ती मला म्हणाली, की दुर्गाला सगळं सांगायचं आहे. मी म्हटलं, सांगून काय होणार? ती म्हणाली, काहीच नाही होणार, पण सांगायचं आहे. आत गेलो तर दुर्गा डोळे मिटून पडलेली. आईचा आवाज ऐकून तिने डोळे उघडले आणि पहिलं हेच विचारलं, "रुचीची येनी कोन घालते?"

"मीच घालतो."

"कसून नोको घालू. तिचं डोस्कं दुखते."

"नाई घालत."

"आन तिले संध्याकारची भाहीर नोको ठेऊ. डास हायेत."

रुख्माबाईने मान हलवली. भिंतीचं काही बोलली नाही. परतीच्या गाडीत तिने मला सांगितलं, की तोंडापर्यंत आलं होतं, पण मुलीच्या डोळ्यांत आईवरचा इतका भरवसा होता की तो मोडवला नाही. मला तिचा राग आला नाही. मला त्या दिवशी सगळ्या जगाचा राग आला होता, ती सोडून.

पोळ्याच्या आदल्या दिवशी दुर्गा गेली.

पुन्हा गाडी आली, पुन्हा पंप आले, लाटांवरून पांढरे ओघळ वाहिले. अंगणाच्या कडेला दुर्गाच्या नावाचा दगड ठेवला गेला. आणि सुतक फिटायचा दिवस जवळ आला तशी भावकीतल्या बायकांनी माती भिजवली. रुख्माबाई आई, म्हणून तिला वगळून त्याच सारवणार होत्या. सकाळी घमेली घेऊन त्या दारात आल्या, तर रुख्माबाई उंबऱ्यावर बसलेली, दोन्ही हात चौकटीला लावून.

"भिंतीले हात नाई लावाचा," ती म्हणाली.

बायकांना वाटलं दुःखाने डोकं फिरलं. एकीने तिला उठवायला दंड धरला, तर ती तिच्यावर अशी खेकसली की घमेलं खाली पडलं. मग सुकराम भुमकाला बोलावणं गेलं. मी मध्ये पडले. मी म्हटलं, जमीन सारवा, जमिनीवर औषध नसतं, भिंती तेवढ्या राहू द्या. सुकराम वाईट माणूस नाही. तो काठी टेकत पुढे आला.

"अर्धं घर शुद्ध होत नाई, पोरी," तो मला म्हणाला. "रिवाज मी नाई बनवला. मी कसा मोडू? अश्या घरात मी तिले बलावीन आन ते आली नाई तं?" मग रुख्माबाईकडे वळून म्हणाला, "तुयी पोरगी हाये, रुख्मा. ते भाहीर राहील. तिच्या सासऱ्याले तू आत आनलं, आन तिले भाहीर ठेवतं?"

"तिच्या सासऱ्याले आत आनलं म्हनूनच ते भाहीर हाये," रुख्माबाई म्हणाली.

 योगराज अंगणात उकिडवा बसून रडत होता. बायकोला घरात घ्यावं असं त्याला वाटत होतं, आणि ते वाटण्याचा हक्क कुणापेक्षाही त्याला जास्त होता. पण रुची त्याच्याच गुडघ्याला टेकून उभी होती, आणि या घरात आता डासाला चावायला लहान असं तेवढंच माणूस उरलं होतं. त्याने रुख्माबाईला उंबऱ्यावरून उठवलं नाही.

मला एक साधा उपाय सुचला होता. आज सारवू द्यावं, दुर्गाला आत घ्यावं, आणि भिंती वाळल्या की पुन्हा फवारून घ्यावं. एवढंच तर होतं. मी कार्यालयात फोन केला. तिकडून विचारलं, कोणत्या घरासाठी? त्या घराला दोनदा फवारणी झाली आहे. मी कारण सांगितलं. पलीकडचा माणूस थोडा हसला, की खोकला, मला नक्की सांगता येत नाही. एका घरच्या देवकार्यासाठी गाडी पाठवता येणार नाही, औषधही संपलं आहे, दिवाळीनंतरच्या फेरीत बघू म्हणाला. मी फोनवर जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही, आणि त्याचा उपयोगही झाला नाही.

त्यामुळे दुर्गा बाहेर राहिली. सुतक फिटलं नाही म्हणून त्या घरी कुणी पाणी प्यायचं नाही, लग्नाकार्याचं बोलावणं नाही, धान कापायच्या आधी नवं खायचा सण झाला तेव्हा योगराजने आणि रुचीने जुनाच तांदूळ खाल्ला. रुख्माबाईला कुणी सारवायला बोलावेना, आणि बोलावलं असतं तरी ती गेली नसती. ती रोज सकाळी दगडापाशी तांब्याभर पाणी ओतायची आणि तिथे बसून बोलायची. काय बोलायची ते मी जवळ जाऊन ऐकलं नाही. पण टोल्यातल्या दुसऱ्या कुठल्या घरात त्यानंतर ताप निघाला तर तीच आधी पोचायची, आणि भिंत बघायची. आता ती नवरीच्या घरी गेली तरी भिंतीच बघेल, पण कोणत्या डोळ्यांनी, ते मला माहीत आहे. रुचीचं रक्त मी दर पंधरवड्याला तपासत होते. दर वेळी साफ निघत होतं, आणि दर वेळी रुख्माबाई माझ्या हातातली पट्टी हिसकून उजेडात धरायची, जणू मी खोटं सांगेन.

दिवाळी झाली. धान कापणीला आलं. तेव्हा निरोप आला की फवारणीची फेरी शनिवारी आमच्या टोल्यात येणार.

मी धावतच रुख्माबाईकडे गेले. हिशोब सरळ होता. मंगळवारी दुपारी सारवायचं. ऊन चांगलं होतं, दोन दिवसांत भिंती खडखडीत वाळल्या असत्या. शुक्रवारी सुकराम दुर्गाला आत घेणार, आणि शनिवारी त्या नव्या मातीवर औषध पडणार. सुकरामनेही मान डोलावली. मला वाटतं, त्यालाही सुटल्यासारखं झालं. रुख्माबाई ऐकता ऐकता रडायला लागली. एवढ्या सगळ्यात ती माझ्यासमोर पहिल्यांदा रडली. मग तिने कुदळ घेतली आणि वारुळाकडे निघाली. सोमवारी तिने माती, शेण आणि तूस एकत्र केलं आणि पदर खोचून तुडवायला लागली. रुचीही तिच्यासोबत चिखलात नाचत होती. रस्त्याने जाणाऱ्या बायका थांबल्या, आणि एकीने इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्या अंगणात पाय टाकला.

मंगळवारी सकाळी फवारणीची गाडी टोल्यात येऊन उभी राहिली.

मी गाडीसमोर आडवी झाले. म्हटलं, शनिवार सांगितला होता! त्यांचा मुकादम म्हणाला, बदललं, उद्यापासून आमची माणसं दुसऱ्या तालुक्यात जाणार. शनिवारी या, परवा या, एकच माणूस पाठवा, एका घरापुरतं औषध ठेवून जा, मी मारते पंप. मी सगळं बोलून पाहिलं. औषध असं कुणाच्या हाती देता येत नाही म्हणाला. मग आत्ता सारवतो, तुम्ही सगळी घरं करून शेवटी या, असं म्हटलं तर तो म्हणाला, "ओल्या भिंतीवर औषध बसत नाही, बाई. तुम्हीच लोकांना शिकवता ना?" तो उद्धटपणे नाही बोलला. त्याने दुर्गाच्या घराकडे बघून विचारलं, "हे घर सोडायचं का? तसं सांगा. पुढची फेरी पावसाळ्याआधी."

योगराज कापणीवरून विळा हातात घेऊनच आला होता. "माय," तो रुख्माबाईला म्हणाला, "सोडू दे फवारनी. आपन मच्छरदानी नीट लावू. म्या सोता ध्यान ठेवीन. तिले आत घेऊ वो आता. किती दिस झाले."

रुख्माबाईचे दोन्ही हात कोपरापर्यंत मातीने भरलेले होते. तिने योगराजकडे पाहिलं, मग भिजलेल्या मातीच्या ढिगाकडे, आणि मग रुचीकडे. रुची पायरीवर बसून दंडावरची एक गाठ खाजवत होती. नुसती डासाची गाठ, आमच्याकडे प्रत्येक पोराच्या अंगावर असते तशी.

रुख्माबाई उठली. घरात गेली आणि भांडी बाहेर काढायला लागली. मग कपडे, मग कोठीवरच्या टोपल्या, मग रुचीची खाट. भिंतीजवळ काही राहिलं की फवारा सगळीकडे पोचत नाही, म्हणून सगळं काढावं लागतं. मी मदतीला गेले. योगराज हलला नाही. मुकादमाने माणसाला खूण केली आणि पंप घेऊन तो आत शिरला.

आतून फवाऱ्याचा आवाज यायला लागला तेव्हा रुख्माबाई अंगणाच्या कडेला गेली. आधी तिने हात धुतले, नखांतली मातीसुद्धा काढली. मग दगडापाशी बसून त्याच्यावरून पदर फिरवला, लेकराचं तोंड पुसतात तसा.

"दुर्गा," ती म्हणाली, "आज बी नाई वो, बाई. रुची आत निजते. तू आनखी भाहीर राय."